पुढचा चिमटा

जुन्या वस्तूची दुरुस्ती करणें हें आपल्या समाजांत फारसें प्रतिष्ठेचें काम समजलें जात नाहीं. नवी वस्तु घरांत आली कीं तिला कुंकू लावतात, पेढे वाटतात, जुनी वस्तु नीट करून पुन्हा वापरांत आणली तर शेजारी "एवढा खटाटोप कशाला?" म्हणून विचारतात. या बाबतींत त्यांतल्या त्यांत भाग्यवान् म्हणजे देवळें. त्यांच्या दुरुस्तीला 'जीर्णोद्धार' असा भारदस्त शब्द आहे आणि त्यासाठीं लोक आनंदानें वर्गणी देतात. परंतु त्या एका शब्दाखालीं दोन अगदीं भिन्न गोष्टी नांदतात. ढांसळलेल्या दगडाच्या जागीं त्याच जातीचा दगड घडवून बसविणें हा एक जीर्णोद्धार. सबंध देऊळ उतरवून त्या जागेवर सिमेंटचें शिखर आणि चकचकीत फरशी आणणें हा दुसरा. पावतीपुस्तकावर दोहोंचें नांव एकच असतें. पहिल्यांत जुन्याला जगवावयाचें असतें. दुसऱ्यांत जुन्याच्या पुण्याईवर नवें उभारावयाचें असतें. कोणता केव्हां योग्य, हा प्रश्न अलीकडे आम्हांला सोडवावा लागला. आणि तोहि देवळाच्या नव्हे, तर एका मोटारसायकलीच्या पुढच्या चिमट्याच्या बाबतींत.

आमचें घर पाम येथें. बोईसर आणि तारापूर यांच्या मधल्या पट्ट्यांत हें गांव येतें. एका अंगाला कारखान्यांची मोठी वसाहत, दुसऱ्या अंगाला भातशेती आणि वाड्या, थोड्या अंतरावर समुद्र, आणि त्या किनाऱ्यावर १९६९ सालीं सुरू झालेलें देशांतील पहिलें अणुवीज केंद्र, असा हा मुलूख आहे. येथें माणसाला हवा मानवते, लोखंडाला मानवत नाहीं. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस मिळून कोणत्याहि उघड्या लोखंडाला एका वर्षांत तांबूस करून टाकतात. अशा हवेंत आमच्या घरीं एक मोटारसायकल साठ वर्षांहून अधिक काळ टिकून आहे, हेंच मुळीं आश्चर्य. वडिलांनीं ती १९६३ सालीं डहाणूकडील एका वाडीवाल्या गृहस्थांकडून घेतली. ते पेशानें शाळामास्तर. त्यांच्या ऐपतीच्या मानानें ही खरेदी थोडी धाडसाचीच होती. परंतु त्या काळीं स्टेशनापासून गांवापर्यंत संध्याकाळीं वाहन मिळण्याची मारामार असे, आणि गृहस्थांना जुनें धूड अंगणांतून हलवावयाचें होतें. दोघांच्या गरजा जुळल्या.

ती गाडी म्हणजे बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. कंपनीची एम-२०. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश फौजेनें ज्या मोटारसायकली सर्वांत मोठ्या संख्येनें वापरल्या, त्यांपैकीं ही एक. सव्वा लाखाच्या आसपास गाड्या त्या वेळीं तयार झाल्या. ४९६ सी. सी. चें एकनळी इंजिन, शक्ति अवघी तेरा अश्वांची, वजन मात्र चार मणांच्या वर. डोळे दिपावे असें तिच्यांत कांहीं नाहीं. निरोप पोंचविणारा शिपाई वाळवंटांत, चिखलांत, बर्फांत अडकून राहूं नये एवढाच तिच्या घडणीचा हेतु. युद्ध संपल्यावर अशा गाड्या लष्करानें विकून टाकल्या आणि त्या डॉक्टर, ओव्हरसीअर, वाडीवाले अशा लोकांच्या हातीं आल्या.

तिचा पुढचा चिमटा हा आजच्या गाड्यांच्या 'शॉकअप'हून अगदीं निराळ्या जातीचा. आजच्या चिमट्यांत एक नळी दुसऱ्या नळींत सरकते. आंत स्प्रिंग आणि तेल असतें. जुना चिमटा असा दुमडत नाहीं. दोन्ही बाजूंना लोखंडी नळ्यांचे उंच त्रिकोण, ते एकत्र जखडून एक ताठ चौकट केलेली, आणि ही सबंध चौकट वर दोन व खालीं दोन अशा आडव्या दुव्यांनीं गाडीच्या मानेला जोडलेली. चाकाला खड्डा लागला कीं सगळा चिमटाच वर उचलला जातो, दुवे आपल्या स्पिंडलांवर फिरतात आणि मध्यभागीं असलेली मडक्याच्या पोटासारखी फुगीर स्प्रिंग दबते. ती उसळून पुन्हा पुन्हा नाचूं नये म्हणून एका बाजूला घर्षणाच्या चकत्या असतात. त्या हाताच्या फिरकीनें आवळावयाच्या किंवा सैल करावयाच्या. भूमितींतील समांतरभुज चौकोन ज्यांना आठवत असेल त्यांना हें यंत्र एका दृष्टिक्षेपांत समजेल. सगळा कारभार उघड्यावर. लपविण्यासारखें त्यांत कांहीं नाहीं.

या जातीच्या चिमट्यांना इंग्लंडांत विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत मोठा मान होता. परंतु १९३५ सालीं जर्मनीच्या बी. एम. डब्ल्यू. कंपनीनें आपल्या आर-१२ गाडीला तेलाचा सरकता चिमटा बसविला आणि पुढील पंधरा वर्षांत जगभर त्याचीच सरशी झाली. कारणें उघड होतीं. सरकत्या चिमट्याची चाल लांब. त्यांतील तेल हादरा अधिक सुबकपणें गिळतें. ठिकठिकाणीं ग्रीस भरण्याची कटकट नाहीं. खुद्द बी. एस. ए. नेंहि युद्धानंतर थोड्याच वर्षांत जुना चिमटा सोडून दिला. पुढें १९७० नंतरच्या दशकांत ती कंपनीहि लयास गेली आणि आपल्या देशांतील तिच्या गाड्या पोरक्या झाल्या. उलट बुलेटचा कारखाना १९५५ पासून मद्रासेस सुरू झालेला; तिचे भाग गांवोगांवीं मिळत. तेव्हां जुना चिमटा डुगडुगूं लागला कीं तो काढून बुलेटचा शॉकअप चढवावयाचा, ही रीतच पडून गेली. आमच्या गाडीचेंहि १९७८ सालीं तेंच झालें.

त्या बदलाला नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. ज्या मिस्त्रीनें तो केला त्यानें गाडी चालती ठेवली, आणि वडिलांना शाळेत वेळेवर पोंचावयाचें होतें. परंतु तो दिवस पार पडल्यावर वडील गाडीविषयीं थोडे परक्यासारखे बोलूं लागले. "वळणावर हिचं लक्ष नसतं," असें ते म्हणत. त्या वेळीं आम्हांला तें वाक्य लहरी वाटे. आज त्यामागचें शास्त्र कळतें. गाडीच्या मानेची रेघ मनानें खालीं वाढवीत नेली तर ती जमिनीला ज्या बिंदूंत मिळते, त्याच्या थोडें मागें पुढचें चाक टेकलेलें असतें. या थोड्याशा अंतरामुळेंच चाक आपोआप सरळ राहूं पाहतें. चिमट्याची लांबी बदलली कीं मानेचा कल बदलतो, कल बदलला कीं तें अंतर बदलतें, आणि मग गाडी सरळ रस्त्यावर हट्टी तरी होते किंवा वळणावर चंचल तरी. ज्यानें पंधरा वर्षें एकच गाडी हांकली त्याच्या मनगटांना हा फरक कळल्यावांचून राहत नाहीं.

वडील जाऊन आतां बरींच वर्षें झालीं. गाडी पडवींत झांकून ठेवलेली होती. गेल्या वर्षीं आमच्या चिरंजीवांनीं ती पुन्हा सुरू करण्याचा विषय काढला. ते कारखान्यांच्या वसाहतींत अभियंता आहेत. त्यांचें मत स्पष्ट होतें. "बाबा, इंजिन आपण नीट करूं. पण चिमटा आहे तोच ठेवूं. त्याहून चांगला हवा तर आणखी नवा आणूं. जुन्याकडे जाणं म्हणजे कमी सुरक्षित वस्तूकडे जाणं." हें बोलणें खोडून काढण्याजोगें नव्हतें. बोईसर-तारापूर रस्त्यावरून रात्रंदिवस टँकर आणि ट्रक धांवतात. तेथें पुढचा चिमटा मोडला तर चालकाच्या हातीं कांहीं उरत नाहीं. मागचें कांहीं तुटलें तर गाडी थांबते. पुढचें तुटलें तर माणूस पडतो.

वादाचा निकाल आमच्या मातोश्रींनीं निराळ्याच बाजूनें लावला. त्या शहाऐंशी वर्षांच्या आहेत. "माळ्यावर ह्यांनी काहीतरी बांधून ठेवलंय, ते आधी उतरवा," एवढेंच त्या म्हणाल्या. माळ्यावर गोणपाटांत गुंडाळलेलें एक जड गांठोडें निघालें. उघडलें तों आंत सबंध जुना चिमटा, कांड्यासकट, जाड ग्रीसनें माखलेला. स्प्रिंग, फिरकी, चकत्या, नट हें सारें औषधाच्या डब्यांतून वेगवेगळें ठेवलेलें. प्रत्येक डब्याला दोऱ्यानें एकेक पुठ्ठ्याची चिठी बांधलेली, आणि तिच्यावर शाईनें, मुलांच्या प्रगतिपुस्तकांत लिहावें अशा वळणदार अक्षरांत, सूचना: "डावी बाजू, खालची, मागली." "ही चकती आंत. खरबरीत अंग बाहेर." स्प्रिंगच्या चिठीवर एवढेंच: "फेकूं नये." वस्तु अडगळींत टाकणारा मनुष्य चिठ्या लिहीत नसतो. ज्याला ती पुन्हा जोडावयाची आहे, किंवा दुसऱ्या कोणी जोडावी असें वाटतें, तोच असें करतो. चिरंजीवांनीं त्या चिठ्या एकामागून एक वाचल्या आणि म्हणाले, "मग हा आधी तपासून तरी पाहूं. निरोगी असेल तर लावूं. नसेल तर भिंतीवर टांगूं." या अटीवर कामाला प्रारंभ झाला.

पहिलें काम ग्रीस आणि गंज काढण्याचें. ग्रीस रॉकेलनें निघालें. गंजासाठीं आम्हीं धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानें भरलेलें पिंप घेतलें, बॅटरी चार्जरची ऋण तार चिमट्याला आणि धन तार एका टाकाऊ लोखंडी पत्र्याला जोडली, आणि रात्रभर प्रवाह चालू ठेवला. गंज सुटून निघतो आणि चिमट्याचें निरोगी लोखंड तसेंच राहतें. हें काम मोकळ्या हवेंत करावें लागतें, कारण त्यांतून निघणारा हायड्रोजन वायु पेट घेणारा असतो. स्प्रिंग मात्र आम्हीं या पिंपांत घातली नाहीं. कठीण पोलादांत हायड्रोजन शिरला तर तें ठिसूळ होतें. अम्लांत बुडविण्यांतहि तोच धोका. ती तारेच्या ब्रशानें आणि रॉकेलनेंच स्वच्छ केली. घर्षणाच्या जुन्या चकत्यांना कानस लावणेंहि टाळलें, कारण त्या काळच्या चकत्यांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक. त्या ओल्या करून पिशवींत बंद केल्या आणि नव्या निर्दोष मालाच्या चकत्या कापून घेतल्या.

मग झीज मोजली. चिमट्याचा सगळा भार चार स्पिंडलांवर आणि त्यांच्या बुशांवर. मायक्रोमीटर लावला तेव्हां पुढच्या खालच्या स्पिंडलवर बारा हजारांश इंचांचा खड्डा सांपडला, आणि बुश गोल न राहतां अंडाकृति झालेले. बारा हजारांश इंच म्हणजे चार-पांच केसांची जाडी. परंतु वर दुव्याशीं असलेली ही ढिलाई खालीं चाकाच्या आसापर्यंत येतां येतां कितीतरी पट होते, आणि तीच हँडलवर डुगडुग म्हणून जाणवते. १९७८ सालीं रोग हाच होता. औषध म्हणजे नवे स्पिंडल आणि नवे बुश. तें त्या वेळीं मिळण्यासारखें नव्हतें.

येथें आमच्या मुलखाचा एक गुण उपयोगी पडला. चिंचणी-तारापूरकडील गांवांतून सोन्याचांदीच्या दागिन्यांच्या डाय, म्हणजे पोलादी ठसे, घडविण्याचा धंदा घरोघरीं चालत आला आहे. पोलादाच्या ठोकळ्यांत छिन्नीनें नक्षी कोरावयाची, मग तिच्यावर पत्रा ठोकून दागिन्याचा आकार उमटवावयाचा. संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनीं आतां या कामांत शिरकाव केला आहे. तरी हातानें पोलाद वाचणारीं माणसें अद्याप आहेत. अशा एका वयस्क कारागिराकडे आम्हीं चिमटा नेला. त्यांनीं एकेक स्पिंडल बुशांत घालून नुसत्या बोटांनीं फिरवून पाहिला आणि म्हणाले, "भाऊ, डाय खोटी असली तर पत्र्यावर दिसतं. हे खोटं असलं तर हाडांवर दिसेल." स्पिंडल चांगल्या मिश्र पोलादाचे लेथवर काढावे, बुश फॉस्फर ब्राँझचे करावे, आणि दोन्ही बाजूंचे बुश एकाच लांब रीमरनें एका दमांत साफ करावे, म्हणजे त्यांची भोकें एका रेषेंत येतील, असा त्यांनीं सल्ला दिला. आटे पाडतांना अडचण आली ती अशी कीं, या गाडीवर इंचाला सव्वीस आट्यांचा जुना इंग्रजी 'सायकल' आटा आहे. मिलिमीटरच्या टॅप-डायांच्या संचांत तो नसतो. तो संच शेवटीं सायकलींच्या एका जुन्या दुकानांतून मिळाला. नांवाप्रमाणें सायकलीच्या धंद्यांतच तो आटा अजून जिवंत आहे.

नळ्यांची तपासणी अखेरपर्यंत ठेवली होती, कारण मनांत तिचीच भीति होती. या चिमट्याच्या नळ्या ओतीव सांध्यांत पितळेच्या झाळीनें बसविलेल्या असतात. भेग पडली तर या सांध्यांशींच पडावयाची. घरगुती रीत सोपी आहे: सांधा रॉकेलमध्यें भिजवावा, कोरडा पुसावा, वर खडूची पातळ पूड फांसावी आणि वाट पाहावी. भेगेंत रॉकेल शिरलेलें असेल तर पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटते. चिरंजीवांना एवढ्यावर समाधान नव्हतें. त्यांनीं कारखान्यांत वापरतात तो लाल रंगाचा द्रव आणि पांढरा फवारा आणला. तत्त्व दोन्हींचें एकच. आठ सांध्यांपैकीं सात स्वच्छ निघाले. आठव्याशीं, डाव्या मागच्या नळीच्या खालच्या टोंकाला, रंगाच्या थराखालीं विजेच्या वेल्डिंगचा एक ओबडधोबड डाग होता आणि त्याच्या कडेनें नखाएवढी लाल रेघ हळूहळू उमटली.

तो डाग कोणीं व केव्हां घातला तें आतां कळणें शक्य नाहीं. गाडी आमच्याकडे येण्यापूर्वींचाहि तो असेल. झाळलेल्या सांध्यावर विजेचें वेल्डिंग घालणें हा मात्र निखालस अपाय आहे. पोलाद वितळण्याइतक्या उष्णतेंत खालचें पितळ पातळ होऊन पोलादाच्या कणांमध्यें शिरतें, आणि थंड होतांना तेथेंच तडा जातो. ती रेघ पाहून आम्ही दोघेहि बराच वेळ कांहीं बोललों नाहीं. पंधरा वर्षें वडील या नळीच्या भरंवशावर अंधारांतून, पावसांतून, मागें आमच्या मातोश्रींना बसवून हिंडले होते. १९७८ सालच्या ज्या मिस्त्रीनें हा चिमटा उतरविला, त्यानें नकळत एक अपघात टाळला असण्याचा पुष्कळ संभव आहे. जुनें तें सोनें या म्हणीवर विसंबणाऱ्यांनीं ही लाल रेघ अवश्य पाहावी.

ठरल्याप्रमाणें चिमटा आतां भिंतीवर टांगावयाचा. चिरंजीवांनींच तें मान्य केलें नाहीं. "रोगी एक नळी आहे, चिमटा नव्हे," असें ते म्हणाले. तेवढी एक नळी सांध्यांतून सोडवून, तेवढ्याच व्यासाची आणि तेवढ्याच जाडीची विनजोडाची पोलादी नळी तेथें पितळेच्या झाळीनें बसवावी, असें ठरलें. पितळी झाळीचें काम जाणणारीं माणसें आतां विरळ झालीं आहेत, कारण विजेच्या वेल्डिंगनें तें हस्तकौशल्य मागें टाकलें. पालघरकडील एका वृद्ध कारागिरानें तें केलें. सांधा चेरीसारखा लाल होईपर्यंत ज्योत फिरवावयाची, पोलादाला वितळूं द्यावयाचें नाहीं, आणि पितळ स्वतःच्या ओढीनें फटींत शिरेपर्यंत घाई करावयाची नाहीं: या तीन गोष्टींत ती विद्या आली. काम होतांना चिमटा एका जड चौकटींत जखडून ठेवला होता, म्हणजे उष्णतेनें तो वांकूं नये. नंतर वरच्या, खालच्या आणि चाकाच्या आसाच्या भोकांतून तीन सरळ सळया घालून पाहिल्या. एका डोळ्यानें पाहतां तिन्ही एकीमागें एक लपल्या. चिमटा सरळ होता. लाल द्रवाची चांचणी पुन्हा घेतली. रेघ उमटली नाहीं.

आतां एक प्रश्न वाचकांच्या मनांत आल्यावांचून राहणार नाहीं. स्पिंडल नवे, बुश नवे, चकत्या नव्या, एक नळीहि नवी. मग हा चिमटा जुना तो कशानें? आम्हीहि त्यावर पुष्कळ विचार केला. रंगाच्या वेळीं तर तो प्रश्न अधिकच खोल झाला. वडिलांनीं दिलेल्या काळ्या रंगाखालीं लष्करी खाकी रंग होता. गाडी 'मूळ' करावयाची म्हणजे तिला कोणत्या सालापर्यंत मागें न्यावयाची? युद्धाच्या वर्षांपर्यंत नेली तर वडिलांचीं वर्षें पुसावीं लागतात. संग्रहालयवाल्यांनीं खुशाल खाकी पसंत करावा. आमचें नातें काळ्या रंगाशीं आहे. तेव्हां चिमटा काळाच केला आणि आंतल्या बाजूस, कोणाच्या नजरेस सहसा न पडणारा, रुपयाएवढा खाकी ठिपका तसाच ठेवला.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर आम्हांला असें वाटतें. झिजण्यासाठींच जे भाग निर्माण झाले ते बदलल्यानें वस्तु बदलत नाहीं. बुश हा मुळीं स्वतः झिजून नळीला वांचविण्याकरितां असतो. तो जपून ठेवणें म्हणजे पणतींतील वात जपून पणती विझूं देणें. देवाच्या झिजलेल्या मूर्तीला वज्रलेप करितात. त्यानें देव बदलला असें कोणी म्हणत नाहीं. परंतु ज्या आकारांतून वस्तूचें वागणें ठरतें, तो आकार बदलला तर नांव तेंच राहूनहि वस्तु दुसरी होते. बुलेटचा चिमटा लावलेली आमची गाडी अधिक सोयीची होती. पण तिला वळणावर लक्ष नव्हतें. त्यामुळें जीर्णोद्धाराची आमची कसोटी सोपी झाली: झिजणारें बदलावें, दुखावलेलें कापून काढावें, आणि घडण राखावी. घडणच धोक्याची असेल तर मात्र मोह सोडून वस्तु भिंतीवर टांगावी.

सरकारी कायद्यालाहि अलीकडे असाच कांहीं विचार सुचला आहे. २०२१ सालीं केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी भर पडली, तिच्याप्रमाणें पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपांत राखलेल्या आणि सांगाडा, बांधणी वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेल्या दुचाकी-चारचाकी गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून निराळी नोंदणी मिळूं शकते. नव्या नोंदणीस २०,००० रुपये, पुनर्नोंदणीस ५,००० रुपये शुल्क. क्रमांकांत 'व्हीए' हीं अक्षरें. अशी गाडी प्रदर्शन, देखभाल, इंधन भरणें अशा कारणांसाठींच रस्त्यावर आणावयाची. रोजच्या वा धंद्याच्या वापरासाठीं नव्हे. कांहीं जणांना हें बंधन जाचक वाटतें. आम्हांला तें रास्त दिसतें. ऐंशी वर्षांच्या चिमट्यानें ट्रकांच्या गर्दींत रोज आपलें शौर्य सिद्ध करावें, ही अपेक्षा कोणत्याहि म्हाताऱ्याकडून करूं नये.

जोडणीच्या वेळीं वडिलांच्या चिठ्या समोर मांडल्या होत्या आणि त्यांतील एकहि सूचना वायां गेली नाहीं. स्पिंडलांच्या बाजूला दांतेरी कडांच्या लहान चकत्या असतात. स्पिंडल चौकोनी टोंकाला धरून असा फिरवावयाचा कीं, त्या चकत्या बोटानें जेमतेम फिरल्या पाहिजेत. घट्ट बसल्या तर चिमटा अडखळतो, सहज फिरल्या तर डुगडुगतो. पुस्तकांत हें आहेच, परंतु एका चिठीवर वडिलांनीं लिहिलें होतें, "चकती अंगठ्यानें फिरावी, करंगळीनें फिरूं नये." त्याहून नेमकें माप आम्हांला कोठें आढळलें नाहीं. ग्रीसच्या बंदुकीनें प्रत्येक निपलांतून जुनें ग्रीस बाहेर येईपर्यंत नवें भरलें. मग चाक वर उचलून, गाडीसमोर बसून, चिमट्याचीं दोन्ही टोंकें धरून मागेंपुढें ओढून पाहिलीं. टक् असा आवाज आला नाहीं.

गाडीची जुनी नोंदणी अद्याप चालू आहे. एका रविवारीं पहाटे, रस्ता मोकळा असतांना, चिरंजीव तीस किलोमीटरच्या वेगानें चिंचणीच्या बाजूला थोडें अंतर जाऊन आले. लहान खड्ड्यांतून हादरा आजच्या गाड्यांपेक्षां अधिक बसतो, हें त्यांनीं प्रामाणिकपणें सांगितलें. पण ब्रेक दाबला असतां आजच्या गाडीसारखें पुढचें तोंड खालीं बुडत नाहीं, आणि वळणावर गाडी सांगावें तशी वळते, हेंहि सांगितलें. मातोश्री ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनीं गाडीकडे न पाहतां विचारलें, "चिठ्या कुठे ठेवल्यात?" त्या पेटींत ठेवल्या आहेत असें सांगितल्यावर त्यांचें समाधान झालें.

बुलेटच्या चिमट्याचें काय करावें, हा प्रश्न उरला होता. भंगारवाल्यानें त्याला भाव देऊं केला होता. चिरंजीवांनीं तो विकला नाहीं. त्याच्या नळ्यांतील तेल काढून त्यांनीं तो स्वच्छ केला, ग्रीस चोपडलें आणि नवीन गोणपाटांत गुंडाळला. कधीं काळीं जुन्या चिमट्यांत पुन्हा लाल रेघ उमटली तर गाडीला तोच चालवील. माळ्यावर चढविण्यापूर्वीं त्यांनीं नट, चकत्या आणि स्क्रू वेगवेगळ्या डब्यांत भरले, प्रत्येक डब्याला दोऱ्यानें एकेक पुठ्ठा बांधला आणि बाजू, जागा, क्रम हें सारें त्यावर लिहिलें. अक्षर तितकें वळणदार नाहीं. पण वाचतां येतें.